साठ मीटरवरचा बाजार

श्रीमती वनमाला शालिग्राम वैरागडे, वय अडुसष्ट, वैधव्य प्राप्त, कुटुंब निवृत्तिवेतनधारक, राहणार अन्नपूर्णा विहार, इमारत सात, दुसरा मजला, जिल्हा रायपूर. स्वयंपाकाचा गॅस: आहे. शीतकपाट: आहे, चालू स्थितीत. निवासापासून बाजारपेठेचे अंतर: साठ मीटर. सबब सदर महिलेची गणना ताजे अन्न सहज उपलब्ध असलेल्या लोकसंख्येत करण्यात यावी.

असं एका पाहणीत नोंदलं गेलं. पाहणीवाली मुलगी उन्हातून आली होती. पाणी प्याली, उंबऱ्यातच उभी राहिली, आणि तिनं लिहिलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाजार साठ मीटरवर होताच. वनमालाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो अख्खा दिसे: निळ्या पत्र्याचं लांब छत, खाली सिमेंटचे ओटे, ओट्यांवर पांढऱ्या रंगात आकडे, कोपऱ्यात नळ आणि कमानीवर मोठ्या अक्षरांत 'सब्जी बाजार'. भाजी सोडून भाजीबाजाराला जे जे लागतं ते सगळं तिथं होतं. फक्त उद्घाटन राहिलं होतं. कोणी म्हणे, बांधणाऱ्यानं ताबा दिला नाही. कोणी म्हणे, ज्यांनी घ्यायचा त्यांनी घेतला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि होत्याही.

बाजार आहे म्हटल्यावर वसाहतीत हातगाड्यांना मनाई होती. बाजारात बसणाऱ्यांच्या पोटावर पाय नको, असं कारण. बसणारे कोणी नव्हते, पण त्यांचं पोट जपलं जात होतं. सुरुवातीला एक कांदे-बटाटेवाला यायचा. त्याला फाटकावरून दोनचारदा परतवल्यावर त्यानं या बाजूचा नादच सोडला. जिन्याखाली एक दुकान होतं. तिथं बिस्किटं, चिप्सची पाकिटं, गुटख्याच्या माळा, शांपूच्या पुड्या आणि कधीमधी कोंब फुटलेले बटाटे मिळत. तांदळाचं मात्र विचारू नका. या मुलखात तांदूळ मागावा लागत नाही, तो असतोच. त्याच्याशी लावून काय खायचं, हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न. फोनवरून भाजी मागवावी तर पडद्यावर एक हसरं वांगं येई आणि म्हणे, 'हम आपके इलाके में जल्द आ रहे हैं.' ते वांगं वसाहत वसली तेव्हापासून हसत होतं.

खरी भाजी शहरात. बीरगांवचे कारखाने ओलांडायचे, त्यांची राख डोळ्यांत घ्यायची आणि मग पुढं.

हे घर शालिग्राम वैरागड्यांनी निवडलं होतं. मूळचे तुमसरचे, नोकरी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात, आणि सगळा संसार बूढापाऱ्यात, तलावाजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. माणूस साधा, व्यसन एकच: बाजार. सकाळी चहाआधी ते पिशवी घेऊन निघत आणि अर्धा पारा, म्हणजे अर्धा मोहल्ला, फिरून येत. भाव करताना त्यांचा आवाज वेगळाच लागे, एखादा गवई तंबोरा जुळल्यावर मोकळा होतो तसा. सौदा पटला तरी ते हलत नसत. "थोडा सांबार डालो भैया," म्हणत. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. भंडाऱ्याकडं तिला हेच नाव. चाळीस वर्षं रायपुरात काढून शालिग्रामजींना धनिया म्हणता आलं नाही, आणि चाळीस वर्षांत भाजीवाल्यांना सांबार कळायला लागला. कोणी कोणाला शिकवलं म्हणायचं?

निवृत्त झाल्यावर त्यांनी अन्नपूर्णा विहारचं रंगीत चित्र पाहिलं. चित्रात बाजार भरलेला होता. लाल टोमॅटोंच्या टोपल्या, हिरव्या साड्यांतल्या बाया, एक गोरं पोरगं गाजर खात. त्यांनी बोट ठेवून बरोबर बाजारासमोरचं घर घेतलं.

"आता पाह्य," ते बायकोला म्हणाले होते, "मले चप्पल घालाचं काम नाही. खिडकीतून टोपली सोडतो, भाजी वर."

"अन् भाव?"

"तोही खिडकीतूनच करतो. आवाज आहे न मले."

"हव, आवाजच त आहे," वनमालाबाई म्हणाल्या होत्या.

टोपली त्यांनी खरंच विकत आणली. ती खिडकीच्या खिळ्याला टांगलेली राहिली. आणि शालिग्रामजी स्कूटर काढून आठवड्याला बूढापाऱ्याला जाऊ लागले. टिकणारी भाजी आणायची अशी नवी विद्या त्या घरात आली. पालक पहिल्या दिवशी, मेथी दुसऱ्या, मग कोबी, आणि शेवटी कोहळं. कोहळं म्हणजे लाल भोपळा. छत्तीसगढी लोक त्याला मखना म्हणतात. न कापलेलं कोहळं महिनाभर घरात पाहुण्यासारखं बसून राहतं. शालिग्रामजी ते वाजवून घेत.

दीडेक वर्षामागे, थंडी सरता सरता, ते असेच भाजी घेऊन परतत होते. सहा पदरी रस्ता, दुपारची वेळ, रहदारी म्हणावी तर एखादं कुत्रं. छातीत कळ आली असावी. त्यांनी स्कूटर कडेला घेतली, नीट स्टँडवर लावली, आणि दुभाजकाला टेकून बसले. रस्ता रुंद असण्याचा एक तोटा असा की पलीकडून जाणाऱ्याला बसलेला माणूस विसावा घेतोय असंच वाटतं. शेवटी एक दुधाची गाडी थांबली. ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, आणि मागून आलेल्या निरंजननं स्कूटर आणि पिशवी घरी आणली.

निरंजन खालच्या मजल्यावरचा. जवळच्या उरला गावातल्या कारखान्यात फिटर, भला पोरगा. जिना चढेपर्यंत त्याला सगळं ठाऊक होतं. दार उघडल्यावर वनमालाबाईंचा चेहरा पाहिला आणि त्याच्या तोंडून वेगळंच निघालं.

"चाची, ये थैला. चाचाजी पीछे आ रहे हैं."

वनमालाबाईंनी पिशवी घेतली, वर्तमानपत्र पसरलं, ताट पुढं घेतलं आणि मेथी निवडायला बसल्या. जुडी अर्धी झाली असेल, तेव्हा निरंजनची बायको पूर्णिमा वर आली आणि तिनं समोरचं ताट ओढून घेतलं. मृत्यूच्या घरातलं शिजलेलं-न शिजलेलं ठेवत नाहीत, या रीतीनं तिनं मेथी, कोबी, वाटाणे, कोहळं, सगळं पिशवीत भरलं आणि खाली जाऊन बाजाराच्या भिंतीपलीकडं फेकलं. वनमालाबाईंना बातमी अशी कळली: आधी ताट गेलं, मग माणूस.

पण ते वाक्य राहिलं. चाचाजी मागून येत आहेत. ते कोणी परत घेतलं नाही. निरंजन तेव्हापासून जिन्यात भेटला की भिंतीकडं पाहत पुढं जाई.

उन्हं कलली की वनमालाबाईंना खाली स्कूटर आल्याचं ऐकू येई. इंजिनाचा आवाज नाही. फक्त स्टँड लावल्याचा खट्ट. स्कूटर केव्हाच विकली होती. पहिल्यांदा त्या खिडकीशी धावल्या. नंतर धावणं सोडलं, आणि खट्ट झालं की चहाचं आधण ठेवू लागल्या. दोन कपांचं. एक पीत, एक ओतून देत. कधी बाजाराच्या छताखालून घासाघीस ऐकू येई, बायांचा गलका, तराजूची साखळी. खिडकीतून पाहावं तर ओटे, आकडे आणि ऊन.

हे त्यांनी फक्त धर्मपालला विचारलं. धर्मपाल बाजाराचा चौकीदार. रिकाम्या ओट्यांची चोरी होऊ नये म्हणून त्याला नेमलं होतं, आणि आजवर एकही ओटा चोरीला गेला नव्हता. तो मूळ याच जागेवरच्या गावचा. गाव उठवून रस्त्यापलीकडं नेलं, आणि तो आपल्याच गावच्या जागेवर पगारी पाहुणा झाला.

"आवाज येतो का रे तुले? बाजाराचा?"

"हव दाई," तो बिडी विझवत म्हणाला. दाई म्हणजे तिकडची आई. त्याला त्यात नवल वाटलं नाही. "शनिच्चर के बजार भरथे. अभी घलो." शनिवारी भरतो, अजूनही.

मग त्यानं सांगितलं. इथं पूर्वी मोठं पिंपळाचं झाड होतं, आणि शनिवारी त्याच्याखाली आसपासच्या गावांचा बाजार भरायचा. भाजी, सुकी मासळी, मडकी, कोंबड्या. झाडावर कावळे मावत नसत. मग बाजार बांधायचा ठरलं. त्यासाठी आधी बाजार उठवला आणि झाड तोडलं. शनिवारी ऊन चढलं की धर्मपाल आत जात नसे. कमानीबाहेर खुर्ची टाकून बसे, पाठ आतल्या बाजूला करून.

सुशील, वनमालाबाईंचा मुलगा, भिलाईला नोकरीत. त्याचं म्हणणं साधं होतं: घर विकू, आईला भिलाईला नेऊ. गिऱ्हाईकही मिळालं होतं. तो मराठी पूर्ण समजे आणि उत्तर हिंदीत देई.

"आई, यहाँ अकेली क्या करोगी? सब्ज़ी तक नहीं मिलती."

"तुझे बाबा यायचे आहेत अजून."

"आई, प्लीज़."

"दहाव्याले कावळा शिवला म्हणतोस न. तो घाटावरचा कावळा. ते नोकरीतले कावळे, कोणाचंही खातात. घरचा कावळा शिवला पाह्यजे. शिवला की दुसऱ्या दिवशी येतो मी तुझ्यासंग."

"पक्का?"

"पक्का."

सुशीलला सौदा स्वस्त वाटला. तो वडिलांसारखा नव्हता. समोरचा इतक्या लवकर कबूल का होतो, असा संशय त्याला आला नाही. वर्षश्राद्धाला पान वाढून गच्चीवर ठेवलं तेव्हा कळलं. अन्नपूर्णा विहारात कावळाच नव्हता. जिथं भाजीचं देठ रस्त्यावर पडत नाही, खरकटं बंद पिशवीतून जातं आणि झाड म्हणून विजेचे खांब आहेत, तिथं कावळ्यानं कशावर संसार करायचा? माणसांनी घर घेतलं होतं. कावळे जागा पाहून निघून गेले. पान संध्याकाळपर्यंत वाळलं. त्यात भाजी म्हणून गोठवलेले वाटाणे होते. सुशील म्हणाला, गाईला घालू. वनमालाबाई म्हणाल्या, पित्तरात पाहू.

आणि पित्तर आले. शालिग्रामजींची तिथी नेमकी शनिवारी पडली.

पित्तराच्या स्वयंपाकात वडे, कढी, खीर तर हवीच, पण कोहळ्याची भाजी नसेल तर ते ताट आमच्याकडं ताट नव्हे. सुशीलला फोन केला तर तो म्हणाला, "कद्दू? आई, मैं दोपहर तक सीधे आऊँगा, रास्ते में कहाँ ढूँढूँ?" निरंजनला त्या सांगू शकत नव्हत्या, त्यानं पुन्हा पिशवी घेऊन दारात उभं राहावं हे त्यांना सोसलं नसतं. आदल्या दिवशी सकाळी त्या खाली उतरल्या आणि दीड वर्षात पहिल्यांदा बाजाराच्या कमानीशी गेल्या.

"धर्मपाल, तुझ्या गावात कोहळं भेटन का रे? मखना?"

धर्मपालनं त्यांच्याकडं पाहिलं, उठला आणि आत बोट दाखवलं.

शेवटच्या ओट्यांवर वेल चढला होता. भिंतीपासून निघून नळापर्यंत आलेला, पानं ताटाएवढी, पिवळी फुलं, आणि एका ओट्यावर, आकड्याच्या शेजारी, विकायला मांडल्यासारखं एक कोहळं. पलीकडं दुसरं, जरा लहान.

"तोरेच घर के ए दाई," धर्मपाल म्हणाला. तुमच्याच घरचा. पूर्णिमानं फेकलेलं फळ तिथंच फुटलं, पावसात रुजलं. गेल्या साली धरलेली दोन कोणी तोडली नाहीत. तीही फुटली, आणि यंदाचा वेल त्यांचा. त्यानं शेळ्या हाकलल्या होत्या, एवढंच.

वनमालाबाईंनी मोठं कोहळं बोटांनी वाजवून पाहिलं. त्यांना वाजवणं कळत नसे, ते खातं नवऱ्याचं होतं. तरी वाजवलं. मग तोडलं आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून घरी आणलं. धाकटं वेलावरच राहू दिलं.

शनिवारी सुशीलची वाट पाहून, ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांनी ताट झाकलं आणि त्या निघाल्या. गच्चीवर नाही, बाजारात. धर्मपाल कमानीबाहेर पाठ करून बसला होता.

"आज झन जा दाई," तो म्हणाला. आज नको जाऊ.

"आजच जायचं आहे मले."

वेलाचं एक मोठं पान तोडून त्यांनी ओट्यावर पसरलं आणि त्यावर वाढलं. भात, वडा, कढी, खीर, कोहळं. मग चार पावलं मागं सरून उभ्या राहिल्या. अशा वेळी आपल्यात मोठ्यानं कबुली द्यायची असते: तुमचं हे करू, ते करू. घाटावर सुशीलनं हिंदीत सगळं कबूल केलं होतं. आता त्या एकट्या होत्या.

मग गलका सुरू झाला. आधी लांबून, मग ओट्याओट्यांवरून. तराजूची साखळी खुळखुळली. कोणी कोणाला हाक मारली, एक कोंबडी ओरडली, सुक्या मासळीचा वास येऊन गेला. वनमालाबाईंनी मान वळवली नाही. त्या गर्दीतून एक आवाज सुटा झाला. जुळलेला, मोकळा.

थोडा सांबार डालो भैया.

"अजी," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला नाही, नेहमीचा लागला, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलावं तसा. "मेथी निवडून राहिली होती मी. पूर्णिमानं हातातून नेलं ताट. तुमी आणलेलं मी फेकलं नाही. हे पाहा, तेच आहे. जेवून घ्या."

जिथं पिंपळ होता त्या बाजूनं कावळा आला. एकच. छताच्या कडेवर बसला, उतरला, भाताकडं पाहिलं, वड्याकडं पाहिलं, आणि कोहळ्याची फोड उचलली. मग दुसरी. घाई नव्हती त्याला. पान जवळजवळ स्वच्छ झालं, तेव्हा त्यानं चोच ओट्याच्या काठाला दोन्ही बाजूंनी पुसली आणि उडून गेला.

बाजार उठला. एकदम उठला, शेवटच्या माणसासकट. पत्रा उन्हानं तडकला, तेवढाच आवाज.

घरी येऊन त्या खिडकीशी बसल्या. उन्हं कलली. सावली बाजारावरून रस्त्यावर गेली, रस्त्यावरून समोरच्या इमारतीवर चढली. खट्ट झालं नाही. त्यांनी आधण ठेवलं नाही. घरात पहिल्यांदाच फक्त एक बाई होती.

सुशील आला तो पुठ्ठ्याची खोकी घेऊन. सामान भरायला. एरवी तो आठवड्याची भाजी आणी. या वेळी आणली नव्हती, आता कशाला लागणार होती? बाजारातला ओटा त्यानं खालूनच पाहिला होता, रिकामं पान.

"कौआ आया ना? खा गया?" त्याचा चेहरा उजळला होता.

वनमालाबाई टोपलीची दोरी खिळ्याला घट्ट करत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "शेळीनं खाल्लं."

"बकरी? आई, पूरा पत्ता साफ है."

"शेळी काय ठेवते?"

सुशील खाली गेला. वरून त्यांना दोघांचं बोलणं ऐकू आलं. धर्मपालनं वर खिडकीकडं पाहिलं, टोपलीकडं, तिच्यामागच्या चेहऱ्याकडं.

"छेरी खा दिस साहेब," तो म्हणाला. "मेंहा देखेंव."

शेळीनं खाल्लं, मी पाहिलं. सरकारी ओट्यांच्या राखणदाराची साक्ष. सुशीलनं खोकी गाडीत परत टाकली.

"तो अगले साल?"

"पित्तरात पाहू," वनमालाबाई म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी आधण ठेवलं. हात सवयीनं दुसऱ्या कपाकडं गेला, आणि त्यांनी तो थांबवला नाही.

पुढच्या सोमवारी पाहणीवाली मुलगी पुन्हा आली. या वेळी रकाना वाढला होता. बाजारपेठेत कृषी उत्पादन आढळले काय? तिनं खिडकीतून पाहिलं. घरातलं मोठं कोहळं संपलं होतं. वेलावर धाकटं होतं, पुढच्या वर्षाच्या बियांसाठी राखलेलं. तिनं लिहिलं: होय. ताजे अन्न, अंतर साठ मीटर, स्थिती समाधानकारक.

त्या आठवड्यात वनमालाबाई भात आणि लिंबाचं लोणचं जेवल्या.